नाटक-मैफलींच्या छापील कार्यक्रमांची घरच्या घरी सूची

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन पिढ्यांनी जमवलेले नाटकांचे आणि गाण्याच्या मैफलींचे छापील कार्यक्रम, साधारण सहाशे नग, पत्र्याच्या तीन ट्रंकांत आहेत. सर्वांत जुने १९२० च्या आसपासचे, नवे २००० नंतरचे. निम्म्यांवर वर्षच छापलेलं नाही. एक्सेलमध्ये सूची करायची आहे, तर रकाने कोणते घ्यावेत आणि वर्ष नसलेल्या कागदांचं काय करावं?

रकान्यांकडे वळण्याआधी ट्रंक उघडल्याबरोबर होणारी एक चूक टाळा. लगेच नाटकवार किंवा वर्षवार गठ्ठे लावू नका. कागद ज्या क्रमाने ठेवलेले आहेत, तो क्रम हीसुद्धा माहिती असते. एकाच पाकिटातल्या पाच पत्रिकांपैकी दोनांवर तारीख असेल, तर उरलेल्या तिघांचा काळ तिथून कळू शकतो. गठ्ठे लावले की हा धागा तुटतो आणि तो परत जोडता येत नाही. म्हणून आधी ट्रंक क्रमांक, त्यातलं पाकीट किंवा गठ्ठा क्रमांक, मग कागदाला सलग नोंद क्रमांक द्यायचा: ०००१, ०००२, ०००३. हा क्रमांक मागच्या बाजूला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, २बी पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन, शाईचा शिक्का, चिकटपट्टीचं लेबल यांपैकी काहीही नको. क्रमांकात अर्थ भरायचा मोहही टाळा. ‘ना-१९५४-पु-०३’ असा क्रमांक हुशारीचा वाटतो, पण वर्ष १९५६ निघालं की तो खोटा होतो. नुसता सलग आकडा कधीच चुकत नाही.

आता मुख्य मुद्दा. अशा सूचीत तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात: नाटक, प्रयोग आणि कागद. ‘संगीत सौभद्र’ हे नाटक. अमुक संस्थेने अमुक दिवशी अमुक गावी केला तो त्याचा प्रयोग. तुमच्या हातात आहे तो त्या प्रयोगाची जाहिरात करणारा कागद. एका प्रयोगाचे तीन कागद असू शकतात (हँडबिल, निमंत्रण, तिकीट), आणि एकाच हँडबिलावर तीन रात्रींचे तीन प्रयोग असू शकतात. सूची कागदाची करायची. प्रयोगाची माहिती त्या कागदावरून वाचलेली, म्हणजे कागदाच्या भरवशावरची. छापील कार्यक्रम हा ठरलेल्या गोष्टीचा पुरावा आहे, घडलेल्या गोष्टीचा नव्हे. गवयाचा घसा बसतो, पाऊस येतो, नट बदलतो, आणि कागद मात्र चार दिवस आधीच छापून झालेला असतो. त्यामुळे ‘घडल्याचा पुरावा’ असा एक स्वतंत्र रकाना ठेवा. त्यात ‘नाही’, ‘फाडलेलं तिकीट’, ‘हस्ताक्षरातली टिपणं’, ‘वृत्तपत्राचं कात्रण’ यांपैकी जे असेल ते लिहायचं. पुढे कोणी अभ्यासक तुमची यादी मागायला आला, तर त्याच्या सर्वांत जास्त उपयोगी हाच रकाना पडेल.

प्रकारांची नावं आधी ठरवून घ्या आणि त्यांबाहेर जाऊ नका. मराठी संग्रहात साधारण इतके प्रकार येतात: हँडबिल किंवा हस्तपत्रक, भित्तिपत्रक, निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमपत्रिका (घडी घातलेली, क्रम आणि कलावंत देणारी), माहितीपत्रक (प्रायोगिक संस्था देत असत तसं, दिग्दर्शकाच्या मनोगतासह), स्मरणिका, तिकीट किंवा प्रवेशिका, आणि संगीत नाटकाच्या पदांचं पुस्तक. शेवटच्याला थिएटरात ‘ऑपेरा’ म्हणत. त्यात पदं असतात, रागतालाची किंवा ‘चाल अमुक’ अशी नोंद असते, कधी कथासार असतं, पण प्रयोगाची तारीख सहसा नसते. तेव्हा ऑपेरा हा कार्यक्रम नव्हे, छोटं पुस्तक आहे. त्याची नोंद त्याच सूचीत पण वेगळ्या प्रकाराखाली करा आणि प्रयोगाचे रकाने सरळ रिकामे सोडा. रिकाम्या रकान्याला घाबरायचं कारण नाही. चुकीचा भरलेला रकाना जास्त त्रास देतो.

रकाने असे घ्या: नोंद क्रमांक, मूळ जागा (ट्रंक व पाकीट), आताची जागा, प्रकार, शीर्षक छापल्याप्रमाणे, प्रमाण शीर्षक, सादरकर्ती संस्था, आयोजक, स्थळ, गाव, तारीख छापल्याप्रमाणे, तारीख इसवीत, तारखेचा आधार, वेळ, दर, व्यक्ती, मुद्रक, पृष्ठं व माप, अवस्था, हस्ताक्षरातल्या खुणा, घडल्याचा पुरावा, स्कॅन, टीप. तेवीस झाले. जास्त वाटतील, पण अर्ध्या नोंदींत अर्धेच भरले जातात. संस्था आणि आयोजक हे दोन मात्र एकत्र करू नका. नाटक मंडळी एक असते आणि प्रयोग ठेवणारं गणेशोत्सव मंडळ किंवा मदतनिधी दुसराच असतो. ८ जुलै १९२१ चा मुंबईतला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनी मिळून टिळक स्वराज्य फंडासाठी केला. एकाच रकान्यात हे तिन्ही कोंबलं, तर पुढे ‘ललितकलादर्श’ शोधताना ही नोंद सापडेलच असं नाही. रकान्यात एकाहून जास्त नावं आली तर ती अर्धविरामाने तोडा. स्वल्पविराम नावांच्या आतच येऊ शकतो.

छापल्याप्रमाणे लिहायचं ते अक्षरशः छापल्याप्रमाणे. ‘संगीत’ऐवजी ‘सं.’ असेल तर ‘सं.’, ‘नाहीं’वर अनुस्वार असेल तर अनुस्वार. कागदावर नसलेली, तुम्ही बाहेरून मिळवलेली गोष्ट चौकोनी कंसात: [१९७१]. अंदाज असेल तर [१९७१?]. फक्त दशक कळत असेल तर [१९६-?]. ही ग्रंथालयांची जुनी रीत आहे आणि घरच्या सूचीलाही पुरेशी आहे. चौकोनी कंस दिसला की वाचणाऱ्याला कळतं, हे कागदावर नाही, कोणीतरी ठरवलेलं आहे.

आता तारखा. वेळ खरा इथे जातो, आणि जावाही.

जुन्या पत्रिकांवर शके असतो. चैत्र पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तारखेला शकात ७८ मिळवायचे. १ जानेवारीपासून पुढच्या पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. घरच्या याद्यांत जी चूक हमखास सापडते ती इथलीच: ‘माघ वद्य ३, शके १८४३’ दिसलं की ७८ मिळवून १९२१ लिहिलं जातं. शके १८४३ चा माघ १९२२ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत येतो. पौष अर्धा इकडे अर्धा तिकडे असू शकतो, त्यामुळे तिथे पंचांग पाहिल्याशिवाय लिहू नका. संवत्सराचं नाव छापलेलं असेल तर ताळा मिळतो. शकात १२ मिळवून ६० ने भागा, उरेल तो साठ संवत्सरांच्या चक्रातला प्रभवापासूनचा क्रमांक (शून्य उरलं तर साठावा, क्षय). १८४३ + १२ = १८५५, बाकी ५५, म्हणजे दुर्मती. कागदावर ‘दुर्मतिनाम संवत्सरे’ असेल तर शक बरोबर. दुंदुभी असेल तर छपाईत किंवा तुमच्या वाचनात एक वर्षाची चूक आहे.

आणखी काही सापळे. इंदूर, ग्वाल्हेरकडच्या कागदांवर महिना पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारा, असू शकतो, मग तिथला फाल्गुन कृष्ण पक्ष म्हणजे आपला माघ वद्य. बडोद्याच्या कागदांवर विक्रम संवत् असेल तर तो कार्तिकापासून बदलतो. आणि सरकारी निमंत्रणांवर १९५७ नंतर कधी कधी राष्ट्रीय सौर दिनांक असतो: ‘२५ कार्तिक शके १८९०’. हा २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या दिनदर्शिकेचा दिनांक आहे. महिन्यांची नावं तीच, पण हिशेब चंद्राचा नाही. शुद्ध-वद्य लिहिलेलं नसेल आणि आकडा १५ च्या वर असेल तर तो सौर दिनांक समजा. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या पत्रिकांवर ७/४ म्हणजे ४ जुलै, हेही ध्यानात असू द्या.

वर्ष नसेल तर पहिली मदत वाराची. समजा हँडबिलावर ‘रविवार दि. १४ नोव्हेंबर, बालगंधर्व रंगमंदिर’ एवढंच आहे आणि आयोजकांचा पत्ता ‘पुणे ३०’ असा आहे. १४ नोव्हेंबरला रविवार १९४८, १९५४, १९६५, १९७१, १९७६, १९८२ या वर्षी येतो. बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटन २६ जून १९६८ चं, म्हणून पहिली तीन बाद. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ‘पुणे ३०’ हा त्याआधीचा टपाल विभाग, जो पुढे ४११ ०३० झाला. म्हणून १९७१. पण लोक जुना पत्ता बरीच वर्षं लिहीत राहिले, छापखान्यातला जुळवलेला मजकूरही तसाच पुन्हा वापरला जाई, त्यामुळे १९७६ पूर्ण बाद होत नाही. नोंद करायची ती [१९७१?] अशी, आणि ‘तारखेचा आधार’ रकान्यात: वार, रंगमंदिर १९६८, पिनकोड नाही. आधार लिहिला नाही, तर दोन वर्षांनी तुम्हालाच आठवणार नाही की १९७१ कुठून आलं, आणि मग सगळं पुन्हा करावं लागेल.

अशा खुणा बऱ्याच आहेत. तिकिटाचे दर आण्यांत असतील तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. ‘न. पै.’ (नये पैसे) असेल तर १९५७ ते १९६४. जून १९६४ मध्ये ‘नये’ गळलं. गोव्यातल्या कागदावर टंगा हे पोर्तुगीज अमदानीतलं नाणं असेल तर तो एस्कुदो हे पोर्तुगीज चलन येण्याआधीचा. एस्कुदो असेल तर काळ फारच आखूड, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून १९६१ पर्यंतचा. पुण्या-मुंबईचा आठ आकडी फोन २ ने सुरू होत असेल तर २००२ च्या सुमाराचा किंवा नंतरचा, मोबाइल क्रमांक असेल तर १९९५ च्या आधीचा नक्कीच नाही. इंग्रजी मजकुरात ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असेल तर बहुतेक १९९५ नंतरचा. दादरचं शिवाजी मंदिर १९६५ चं, ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ चं. तुमच्या गावच्या नाट्यगृहांची उद्घाटन वर्षं एका कागदावर लिहून समोर लावून ठेवा, रोज लागतील.

शुद्धलेखनही बोलतं, पण थोडं हळू आवाजात. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तेव्हा ‘नाटकांत’, ‘कां’, ‘होतें’ ही रूपं त्याआधीची असण्याची शक्यता जास्त. मात्र जुन्या वळणाचे मुद्रक आणि संस्थाचालक पुढेही तसंच लिहीत. ‘अि, अु, अे’ ही सावरकरी वळणाची अक्षरं दिसली तर साधारण १९३० ते १९६० असा अंदाज बांधता येतो. कागद उलटा करून बोट फिरवा. खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या टाइपांचा, उठाव हाताला लागला तर लेटरप्रेस, गुळगुळीत असेल तर ऑफसेट किंवा शिळाप्रेस. संगणकावर जुळवलेली मराठी अक्षरं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून दिसू लागतात. आणि तळाची बारीक ओळ कधीही सोडू नका. १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण देणं बंधनकारक होतं, म्हणून हँडबिलावर काही नसलं तरी छापखान्याचं नाव-पत्ता बहुतेक वेळा असतो. एकाच छापखान्याचे तुमच्याकडचे तारीखवार कागद एकत्र पाहिले की पत्ता कधी बदलला ते दिसतं, आणि बिनतारखेचा कागद त्या दोन टोकांमध्ये बसतो. मुद्रकाचा रकाना घेतला की हे आपोआप जमतं. तो रकाना ‘कशाला हवा’ म्हणून गाळणारे पुढे पस्तावतात.

महोत्सवांच्या क्रमांकावरून वर्ष काढणं धोक्याचं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ ला सुरू झाला, तेव्हा ६७ वा २०१९ चा, हा हिशेब बरोबर येतो. पण ६८ वा २०२२ मध्ये झाला, मधली दोन वर्षं गेली. बेरीज-वजाबाकी आंधळेपणाने केली असती तर २०२० आलं असतं. साहित्य संमेलनांच्या क्रमांकांचं तर विचारूच नका. तिथे क्रमांक आणि वर्ष यांची यादीच पाहायची. नाटकाच्या प्रयोग-क्रमांकाचीही तीच गत. संस्था बदलली, नट बदलले की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, कधी दोन संस्थांचे आकडे एकत्र धरले जातात. ‘१०० वा प्रयोग’ हे छापल्याप्रमाणे उतरवा, त्यावरून दुसरं काही काढू नका. महोत्सवी शब्द लिहिताना गोंधळ नको: २५ रौप्य, ५० सुवर्ण, ६० हीरक, ७५ अमृत.

वेळ आणि दर वाचताना जुनी अपूर्णांकाची चिन्हं ओळखा. ‘रात्रौ ९॥ वाजतां’ म्हणजे साडेनऊ. एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. ‘रु. १॥’ म्हणजे दीड रुपया, एक रुपया आठ आणे. टंकलेखन करून देणारी मुलं या रेघा दंड समजून गाळतात आणि साडेनऊचे नऊ होतात. स्कॅनवरून मजकूर ओळखणारी सॉफ्टवेअरही हेच करतात. म्हणून हे दोन रकाने कागद समोर ठेवूनच तपासायचे.

व्यक्तींच्या नावांसाठी वेगळी शीट लागेल. तिला ‘नामसूची’ म्हणा. एका व्यक्तीचं एक प्रमाण रूप, समोर तिची कागदांवर सापडलेली सगळी रूपं. नारायण श्रीपाद राजहंस, नारायणराव राजहंस, बालगंधर्व हे एकच. छोटा गंधर्व म्हणजे सौदागर नागनाथ गोरे, सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली. ‘गंधर्व’ एवढंच शोधून काढलेली यादी किती निरुपयोगी होईल पाहा. स्त्री कलावंतांचं लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव असतं: प्रमिला जाधव आणि जयमाला शिलेदार या एकच आहेत हे नामसूचीत नसेल, तर एका गायिकेची कारकीर्द तुमच्या सूचीत दोन तुकड्यांत राहील. मुख्य सूचीत नाव छापल्याप्रमाणे, नामसूचीत प्रमाण रूप, आणि दोन्हींना जोडणारा आकडा. ‘कु.’, ‘सौ.’, ‘पं.’, ‘मा.’ या उपाध्या छापल्याप्रमाणेच्या रकान्यात ठेवा, प्रमाण रूपात घेऊ नका. त्या अगदीच टाकाऊ नसतात, ‘मास्टर’चा ‘पंडित’ केव्हा झाला हेही कागदांवरून कळतं. आणि शंका असेल तर दोन माणसं एक करू नका. ‘व्ही. जी. जोग’ आणि नुसतं ‘जोग’ एकच असतील, नसतीलही. एकत्र करणं सोपं असतं, एकत्र केलेलं पुन्हा वेगळं करणं जवळपास अशक्य.

सहाशेही कागदांवरची प्रत्येक भूमिका, प्रत्येक साथीदार उतरवायचा का? पत्रिका एकपानी असेल तर सगळी नावं घ्या. स्मरणिका असेल तर श्रेयनामावली आणि लेखांची शीर्षकं पुरेत. समितीची साठ नावं आणि जाहिरातदार सोडा, फक्त ‘जाहिराती: ३२ पृष्ठं’ असं टिपेत लिहा. स्थानिक इतिहासवाल्याला ते कळलं की तो येईल.

मैफलींच्या पत्रिकांत राग सहसा छापलेले नसतात, साथीदारही पुष्कळदा नसतात. पण श्रोत्याने समासात पेन्सिलीने ‘मारुबिहाग, मग भजन, २.४० ला संपलं’ असं लिहून ठेवलेलं असेल, तर त्या कागदाची किंमत तिथेच आहे. ते शब्दशः वेगळ्या रकान्यात उतरवा. छापील मजकुराशी मिसळू नका आणि खोडरबर जवळ आणू नका. ‘स्वच्छ’ प्रत हवी म्हणून लिहिलेली प्रत देऊन कोरी घेणं हा वेडेपणा आहे. वरून चिकटवलेली पट्टी, रबरी शिक्क्याने बदललेली तारीख, खोडून लिहिलेलं नाट्यगृह यांचीही तीच गोष्ट: खालचं आणि वरचं दोन्ही लिहा. पट्टी उचकटून पाहायची नाही. मागून उजेड धरला की बहुतेक वेळा वाचता येतं.

दुसरी प्रत निघाली तर ‘तीच आहे’ म्हणून बाजूला टाकण्याआधी तळची ओळ, दर आणि नटसंच ताडून पाहा. दौऱ्यावरच्या मंडळ्या मजकूर तोच ठेवून गाव आणि तारखेची जागा कोरी सोडून छापून घेत आणि पुढे ती भरत. दिसायला सारखे दोन कागद दोन गावांचे असतात. खरोखर सारखे असतील तर एकच नोंद, ‘प्रती: २’.

माप मिलिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी, घडी असेल तर मिटलेलं आणि उघडलेलं दोन्ही. मुद्रकांच्या भाषेत ‘डेमी एक अष्टमांश’ म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, पण कापताना फरक पडतो, म्हणून पट्टीवरचाच आकडा. पानं नव्हे, पृष्ठं मोजा. एकदा घडी घातलेला एक ताव म्हणजे चार पृष्ठं. मराठीत आपण ‘पान’ दोन्ही अर्थांनी म्हणतो आणि मग सूचीत एकच पत्रिका कुठे दोन पानी, कुठे चार पानी होते.

कागद हाताळताना: गंजलेल्या पिना ओढून काढू नका. मागचे दोन पाय पातळ सुरीच्या बोथट टोकाने उचलून सरळ करा आणि मग पुढून काढा. लॅमिनेशन अजिबात नाही, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेपने फाट जोडू नका. ती पिवळी पडते आणि गोंद कागदात मुरतो. जोडायचंच असेल तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, तेही हात बसल्यावर. बाजारातले स्वस्त प्लॅस्टिकचे कव्हर पीव्हीसीचे असतात, काही वर्षांत चिकट होतात आणि शाई त्यांना लागते. पॉलिएस्टरची ७५ किंवा १०० मायक्रॉनची पिशवी घ्या, किंवा नुसता आम्लरहित कागद मध्ये घाला. सहाशे पिशव्या परवडत नसतील तर फाटके आणि ठिसूळ तेवढे पिशवीत, बाकीचे कागदाच्या फोल्डरात. ट्रंका काढून टाका, पत्र्याला आतून घाम येतो. पुठ्ठ्याच्या आम्लरहित पेट्या, जमिनीपासून सहा इंच वर, बाहेरच्या भिंतीला न टेकता. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका. कसर लागलेला गठ्ठा दिसला तर तो हवाबंद पॉलिथिनमध्ये घालून घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर बाहेरची दमट हवा थंड कागदावर पाणी होऊन बसते. आर्ट पेपरच्या स्मरणिका ओल्या झाल्या की पानं एकमेकांना चिकटून दगड होतात. ओल असलेल्या घरात त्या सर्वांत वर ठेवा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर हे सगळं काम दसऱ्यानंतर काढा.

स्कॅन ३०० डीपीआय रंगीत, बारीक टाइप किंवा फोटोंचे ब्लॉक असतील तर ६००. मूळ टिफ, रोजच्या वापराला जेपेग. पातळ कागदाची मागची छपाई पुढे उमटत असेल तर मागे काळा कागद ठेवा, पांढरा नव्हे. कोरी मागची बाजू स्कॅन करायची गरज नाही, पण कोरी आहे हे लिहा. फाइलचं नाव म्हणजे नोंद क्रमांक आणि पृष्ठ, इंग्रजी आकड्यांत, बस्स. इंटरनेटवर टाकायचं असेल तर त्याआधी हक्कांचा विचार करा. आपल्याकडे लेखकाच्या, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्याही, मृत्यूनंतर ६० वर्षं, निनावी मजकुराला प्रकाशनापासून ६० वर्षं मुदत आहे.

शेवटी एक्सेल, कारण मराठीत ते वेगळे घोटाळे करतं. ‘१९७१’ देवनागरीत टाकलं तर ते बहुधा आकडा न मानता मजकूर मानतं आणि इंग्रजी आकड्यातल्या वर्षांशी मिळून क्रम लागत नाही. म्हणून छापल्याप्रमाणेचा रकाना देवनागरीत, इसवीचा रकाना इंग्रजी आकड्यांत, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि रकान्याचा प्रकार आधीच ‘टेक्स्ट’ करून. हे न केल्यास एक्सेल स्वतःच्या मनाने दिवस आणि महिना उलटे करतं. १९०० च्या आधीच्या तारखा तर त्याला तारखा वाटतच नाहीत. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो आणि दिसायला तंतोतंत सारखा असतो, ‘ॲ’ एका अक्षरानेही येतो आणि अ वर चंद्र देऊनही. शोध घेतला की निम्म्या नोंदी गायब. त्यातून कागदांवर ‘कराड’ असतं ते निराळंच. गावं, नाट्यगृहं आणि संस्था यांच्या याद्या आधी करून ड्रॉपडाऊनमधून निवडायच्या, हाताने टाइप करायच्याच नाहीत, म्हणजे हा प्रश्न मिटतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काही यादी आधीच केलेली असेल तर ती युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. सीएसव्ही (नुसत्या मजकुराची) फाइल करताना ‘यूटीएफ-८’ निवडा, नाहीतर पुन्हा उघडताना सगळ्याचे प्रश्नचिन्ह होतात.

सुरुवात वीस कागदांनी करा, तिन्ही ट्रंकांतून थोडे थोडे घेऊन. वीस झाल्यावर रकाने बदलायचे ते बदला, आणि मग सहाशे होईपर्यंत हात लावू नका. एका नोंदीला तारखेची शोधाशोध धरून सरासरी दहा मिनिटं धरली तर शंभर तास होतात, रोज तासभर बसलात तर साडेतीन महिने. अडलेला कागद पाच मिनिटांत सुटला नाही तर [१९--?] लिहून पुढे जा. बाकीचे पाचशे झाल्यावर त्यातला निम्मा गुंता मुद्रकाच्या रकान्यावरून आपोआप सुटतो. दर शंभर नोंदींनंतर फाइलची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा, आणि प्रत्येक पेटीत तिच्यातल्या नोंदींची छापील यादी घाला. पेटी हातात घेणाऱ्याकडे तुमचा लॅपटॉप नसेल.